रा. रा. ज्ञानदेव मोहिते, जादूगार

“माझ्या जादूगाराला काही उणं नाही,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवून दिली. “बाकीचं सगळं भरलंय. तेवढा रकाना मोकळा राहू द्या.”

हेमाताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. हेमाताई इनामदार कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि रविवारी दुपारी सांगलीतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आम्हाला एक खेळ खेळवायच्या. प्रत्येकाने एकेक जादूगार व्हायचं. हेमाताई गोष्ट सांगत न्यायच्या आणि आपला जादूगार त्यात काय करतो ते आपण सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा, आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. शेंगदाणे म्हणजे राक्षस. राक्षस मेला की मारणाऱ्याने तो खायचा.

“आप्पासाहेब, उणीव नसलेला जादूगार आमच्याकडे चालत नाही,” हेमाताई म्हणाल्या.

“का बरं?”

“त्याच्या गोष्टीत मग काही घडतच नाही.”

आप्पांना ते पटलं नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, शुभयोग वधूवर सूचक केंद्राचे चालक, मालक आणि शिपाई. उभा जन्म त्यांनी लोकांच्या मुलामुलींची वर्णनं लिहिण्यात घालवला होता आणि त्यातल्या एकाही माणसात कधी काही कमी नव्हतं. बुटकी मुलगी ‘सुबक बांध्याची’ असायची आणि नोकरी न टिकणारा मुलगा ‘स्वतंत्र विचारांचा’. आपला जादूगारही त्यांनी त्याच थाटात उभा केला होता. नावापुढे लिहिलं होतं, ‘रा. रा. ज्ञानदेव मोहिते, जादूगार.’ हे त्यांचं स्वतःचंच नाव. उंची मात्र दोन इंच वाढवली होती.

“बरं, मग लिहा,” आप्पा म्हणाले, “कामाच्या नादात त्याला जेवणाची शुद्ध राहत नाही.”

“हे बायोडेटात शोभतं. इथे नाही चालणार.”

“फार सरळमार्गी आहे?”

“आप्पासाहेब!”

मला हसू येत होतं, पण काळजीही वाटत होती. आप्पांना तिथे मी आणलं होतं. टेबलाच्या पलीकडे सुमंत कुंभोजकर बसला होता आणि मला त्याच्याशी लग्न करायचं होतं.

आप्पांनी त्याला आधी एकदा पाहिला होता, आमच्या घरी, चहाला. खुर्ची दाखवली तेव्हा तो बसला, बशी पुढे केली तेव्हा त्याने बिस्किट घेतलं, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं आणि गप्प राहिला. तो गेल्यावर आप्पा म्हणाले, “पोरगं वाईट नाही गं शरू. पण किल्ली दिल्याबिगर चालत नाही.” मी तापट. तिथल्या तिथे जाहीर केलं की तुम्ही मनापासून हो म्हणेपर्यंत हे लग्न करणार नाही आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच करणार नाही. आप्पाही माझेच वडील. ते म्हणाले, “बघू.” मग कित्येक महिने आम्ही दोघं एकाच घरात बघत बसलो होतो.

खेळातला सुमंत मला ठाऊक होता. तिथे त्याला अशा काही युक्त्या सुचायच्या की आम्ही तोंडात बोट घालायचो. तो सुमंत आप्पांनी बघावा म्हणून मी म्हणाले होते, “मुलगा बघायचाच तर रविवारी तिथे चला.” मुलगा बघायला म्हटलं की आप्पा कुठेही यायला तयार असत. इस्त्रीचा सदरा आणि वर जाकीट घालून ते आले होते.

“बाकीच्यांच्या उणिवा आधी ऐका,” हेमाताई म्हणाल्या. “मग तुम्हाला अंदाज येईल.”

मागच्या खेळात एका गुहेत आमचे सगळे जादूगार एकदम मेले होते, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचेच नवे होते. नियम असा की ज्याची उणीव मोठी, त्याला मंत्र जास्त. साहजिकच खेळाआधी आमची घासाघीस चालायची, माझी उणीव मोठी की तुझी. पूर्वी आम्ही यात फार लबाड्या करायचो. मी एकदा ‘समुद्राच्या पाण्यात जादू चालत नाही’ असं लिहून सगळ्यांपेक्षा जास्त मंत्र उकळले होते, आणि ती सगळी गोष्ट डोंगरात होती. तेव्हापासून हेमाताईंनी ठरवून टाकलं होतं की प्रत्येकाची उणीव खेळात निदान एकदा तरी आडवी आलीच पाहिजे. ती आडवी आणायचं काम त्या फार आवडीने करत.

पहिली पाळी फिरोज मुल्लाची. फिरोज जनावरांचा डॉक्टर होता. “माझा जादूगार कुठलंही जनावर ओरडलं की हातातला मंत्र अर्धा टाकून तिकडे पळतो. समोर राक्षस असला तरी.”

“ही उणीव नाही, ही तुझी नोकरी आहे,” मी म्हणाले.

“म्हणून लहान होते का? परवा माझ्याच साखरपुड्यातून म्हशीसाठी उठून गेलोय मी.”

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. “हे उणं बरं आहे,” ते म्हणाले. “याचा संसार सुखाचा होईल. बायकोनं दारात एक शेळी बांधावी. बरोबर वेळेवर घरी येईल.”

फिरोज इतक्या जोरात हसला की दोन राक्षस टेबलावरून खाली पडले. आप्पांनी ते उचलून फुंकले आणि खाल्ले.

“अहो, ते जिवंत होते!” हेमाताई म्हणाल्या.

“आता नाहीत,” आप्पा म्हणाले. त्यांना एकदम मजा वाटायला लागली होती. “सांगतो तुम्हाला. लोक गुण जुळवत बसतात. गुणांचं काय, ते कुणाचेही कुणाशी जुळतात. मी कागदावर लिहितो ते निराळं आणि मनात जुळवतो ते निराळं. मी उणं जुळवतो. मिरजेत एक मुलगा होता, घोरला की शेजारची बिऱ्हाडं जागी व्हायची. त्याला मी जरा कमी ऐकणारी बघून दिली. नातवंडं झाली त्यांना. अजून दिवाळीला माझ्याकडे फराळ येतो.”

“मग आमच्या जादूगारांचं बघा की जुळतंय का,” फिरोज म्हणाला.

तो हे गमतीने बोलला होता. पण आप्पांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले. “तुझी काय गं?”

“माझी जादूगारीण कुणाकडे मदत मागू शकत नाही. मागितली तर तिची सगळी जादू दिवसभर जाते.”

“यात तुला काय त्रास?” हेमाताई म्हणाल्या. “तू तशीही मागत नाहीस. तुम्ही घर बदललंत तेव्हा कपाट एकटीने जिन्यावरून चढवलंस आणि महिनाभर कमरेला पट्टा लावून हिंडलीस.”

“जड नव्हतं ते.”

“मोठी उणीव आहे. पाच मंत्र.” हेमाताईंनी लिहून घेतलं. “सुमंत?”

“माझ्या जादूगाराला कुणी सांगितल्याशिवाय जादू करता येत नाही,” सुमंत म्हणाला. “मनात कितीही असलं तरी. कुणीतरी म्हणावं लागतं, तू कर.”

मी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. शंभर उणिवा होत्या जगात! आग होती, लोखंड होतं, अमावास्या होती. नेमकी हीच सापडावी? पण सुमंतला मुळात लबाडी जमायचीच नाही. त्याला उणीव लिहा म्हटलं, त्याने उणीव लिहिली.

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हळूहळू मान हलवली. धंद्यात एखादं स्थळ परत करताना ते तशीच मान हलवायचे.

“या दोघांचं मी जुळवणार नाही,” ते म्हणाले. “फिरोजच्या जादूगाराला उद्या स्थळ आणतो. या दोघांना नाही. ही मागायची नाही आणि हे मागितल्याशिवाय उठायचे नाहीत. मधे भाकरी थंड होत राहील आणि दोघं उपाशी. दोघंही चांगली, म्हणून तर जास्त वाईट. भांडण तरी कुणाशी करणार?”

फिरोज आणि हेमाताईंना आमचं सगळं माहीत होतं.

“आप्पा, हा खेळ आहे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

“मग खेळात कुणी खोटं कशाला सांगेल?” आप्पा शांतपणे म्हणाले.

मी सुमंतकडे पाहिलं. बोल, काहीतरी बोल, असं मला ओरडावंसं वाटत होतं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

“सुमंत, तुला काही म्हणायचंय का?” हेमाताईंनी विचारलं.

“हो, आहे ना,” सुमंत लगेच म्हणाला. “मला वाटतं, आप्पा म्हणतात ते खरं आहे. पण माणूस शिकतो.”

“मग आधीच का नाही बोललास?”

“कुणी विचारलं नव्हतं.”

फिरोजने कपाळावर हात मारला. आप्पांनी अजून एक राक्षस तोंडात टाकला.

हेमाताईंनी पेच ओळखला आणि घाईने खेळ सुरू केला. आप्पांना म्हणाल्या, “तुमचा रकाना राहू दे मोकळा. खेळता खेळता तुमच्या जादूगाराची उणीव तुम्हालाच कळेल. कळली की त्या क्षणी सांगायची. आणि सांगितली की लागू.”

“बरं,” आप्पा म्हणाले.

आमचे चौघे जादूगार एका जंगलातून निघाले. आप्पा अपेक्षेपेक्षा फारच चांगलं खेळले. एका चेटकिणीला त्यांनी मंत्राने मारायच्या ऐवजी तिचं वय, शिक्षण आणि अपेक्षा विचारल्या आणि वाटेत भेटलेल्या एका विधुर राक्षसाशी तिचं जमवून टाकलं. हेमाताईंना हसून हसून पाणी प्यावं लागलं. सुमंतने फिरोजच्या सांगण्यावरून नदीचं पाणी थिजवलं आणि आम्हाला त्यावरून चालवत नेलं. तेव्हा आप्पा “वा!” म्हणाले. मी मनात त्या ‘वा’ची घडी घालून ठेवली. पण तेवढ्याने काही होणार नव्हतं हे मलाही कळत होतं. त्यांचा निकाल लागला होता.

मग दलदल आली.

“शर्वरी, पायाखालची फळी मोडली. टाक फासा,” हेमाताई म्हणाल्या.

मला तीन पडले. माझी जादूगारीण गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली. मी मंत्र वापरला, पाच पडले. कमरेपर्यंत रुतले.

“फिरोज, पलीकडच्या झाडीतून वासराचं हंबरणं ऐकू येतंय.”

“हेमाताई, हा अन्याय आहे,” फिरोज म्हणाला. “पळालो मी.”

“सुमंत?”

सुमंतने फासा हातात घेतला होता. मुठीत घट्ट धरून तो माझ्याकडे पाहत होता. त्याला फक्त एक शब्द हवा होता. मी ‘काढ’ म्हटलं की झालं. माझी दिवसभराची जादू गेली असती, तर जाऊ दे. खेळ तसाही संपत आला होता. पण मी म्हटलं नाही. आप्पांसमोर तर नाहीच नाही. मला वाटत होतं, याने या एकदाच न सांगता हात पुढे करावा. नियम मोडला तर मोडू दे.

तो सांगण्याची वाट पाहत बसला आणि मी न सांगण्याचा हट्ट धरून बसले. आप्पा आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. त्यांचं म्हणणं त्यांच्या डोळ्यांसमोर शब्दशः खरं होत होतं आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही जिंकल्याचा आनंद नव्हता.

“छातीपर्यंत आला चिखल,” हेमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाजही बारीक झाला होता. “आप्पासाहेब, आता तुम्हीच.”

आप्पांनी फासा दोन्ही तळव्यांत खुळखुळवला आणि टाकला. अठरा!

“निघाली!” फिरोज ओरडला. हेमाताईंनी टाळी वाजवली.

“थांबा,” आप्पा म्हणाले.

ते त्या अठराच्या आकड्याकडे बघत होते. मग त्यांनी पेन्सिल उचलली. “माझ्या जादूगाराचं उणं सांगायचं राहिलंय.”

“अहो, नंतर सांगा. वाचली ना ती!”

“नंतर नाही. कळलं की त्या क्षणी सांगायचं, असं तुम्हीच म्हणालात.” त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता एकेक शब्द मोठ्याने वाचला. “याची जादू गावातल्या सगळ्यांवर चालते. घरच्या माणसावर चालत नाही.”

हेमाताईंची टाळी हवेतच राहिली.

“किती लग्नं लावली मी,” आप्पा कुणाकडेच न बघता म्हणाले. “लोक पाया पडतात. आणि हिच्यासाठी किती स्थळं आणली, एक लागू पडलं नाही. मला वाटायचं, पोरगी हट्टी आहे. हट्टी आहेच. पण माझी जादू हिच्यावर चालतच नाही, हे आत्ता अठरा पडल्यावर कळलं. अठरा पडले आणि मला वाटलं, हे काय खरं नव्हे.” त्यांनी फासा उचलून बाजूला ठेवला. “हे अठरा बाद. बरोबर ना हेमाताई?”

“बाद,” हेमाताई म्हणाल्या.

मी ओठ आवळून धरले.

आप्पा सुमंतकडे वळले. जाकीट नीट केलं. लग्नाच्या बैठकीत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “अहो कुंभोजकर, आमच्या मुलीला आपण बाहेर काढावं, अशी विनंती आहे.”

सुमंतने मूठ उघडली. चार.

“गळ्यापर्यंत,” हेमाताई म्हणाल्या. “त्याला पुन्हा कुणी सांगितलं तरच पुन्हा टाकता येईल.”

“सुमंतराव,” आप्पा जरा पुढे झुकले, “असं कसं? जरा जोर लावा.”

दोन पडले. सुमंतच्या कपाळावर घाम आला होता. फिरोज वासरू विसरून उभा राहिला होता.

“हनुवटीपर्यंत. आप्पासाहेब, आता शेवटचं.”

आप्पा खुर्चीवरून ताडकन उठले. शेंगदाण्यांची बशी उलटी झाली आणि जंगलातले सगळे राक्षस फरशीवर घरंगळत गेले.

“आरं सुम्या, काढ की तिला भाईर! बघत काय बसलायस!”

मी आप्पांना परक्या माणसाशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात ते फक्त मला आणि गेलेल्या आईला अशा आवाजात हाक मारायचे.

सुमंतही उभा राहिला. फासा टेबलावर दोनदा उडाला, चहाच्या कपाला लागला आणि थांबला. सतरा.

फिरोजने सुमंतला मिठी मारली. हेमाताई डोळे पुसत म्हणत होत्या की निघाली, चिखलाने माखलीय पण निघाली. आप्पा खाली बसले आणि त्यांनी माझं उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मी रडले. खेळात कोणी रडतं का, असं फिरोज म्हणाला आणि त्यालाही पुढे बोलता येईना.

परत जाताना मी आप्पांच्या स्कूटरवर मागे बसले होते. आप्पा सिग्नलला थांबले तेव्हा मी म्हणाले, “आप्पा.”

“काय?”

त्या दिवसापर्यंत मी आप्पांना माझ्या लग्नाबद्दल बजावलं होतं, ऐकवलं होतं, दार आपटून सांगितलं होतं.

“मला सुमंतशी लग्न करायचंय. तुम्ही ते लावून द्याल का? मला एकटीला नाही जमत.”

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले, तरी आप्पांनी स्कूटर हलवली नाही.

“जोडी वाईट हाय,” ते म्हणाले. “माझा शब्द मी मागं घेत नाही. तुम्हा दोघांच्या मधे कुणीतरी उभं राहून ओरडायला पाहिजे.”

“मग?”

“मग काय? मी हाय की.” त्यांनी गिअर टाकला आणि स्कूटर एकदम पुढे उडी मारून निघाली. “उद्या त्याला आईवडलांना घेऊन घरी यायला सांग. म्हणजे आठवणीनं फोन कर बरं का. त्यो काय आपणहून यायचा न्हाई.”